माग बंद केला नाही

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय झालं हे विचारत फिरावं लागत नाही. कान उघडा ठेवला की कळतं. सकाळी एकेका घरातून माग सुरू होतो, खट-खटाक, खट-खटाक, आणि कोणता आवाज कोणत्या घरचा हे शेंबडं पोरही सांगेल. एखाद्या घरचा आवाज आला नाही तर बाया दारात येऊन उभ्या राहतात. कारण घरात माणूस गेला की आम्ही माग बंद करतो. तेरवी होईपर्यंत धागा घेऊन फिरणाऱ्या धोट्याला हात लावत नाही. आम्ही विणतो कोसा, रानातलं रेशीम. कोसा म्हणजे सोवळ्याचं कापड, देवापुढे बसताना नेसायचं, लग्नात नेसायचं. सुतकाच्या हाताने विणलेला कोसा कोणी घेत नाही, आणि घेऊही नये. हे मला कोणी शिकवलं नाही, बापाच्या मांडीवर बसून पाहिलं.

हे आधी सांगतो, कारण माझ्या पोराचं विमान पडल्याची बातमी आली त्या दिवशी मी माग बंद केला नाही. लोक अजून बोलतात. म्हणून माझ्या हाताने लिहून ठेवतो. मी चौथी शिकलो. पाचवीच्या मास्तरने छडी उगारली ती मी त्याच्या हातातून काढून घेतली आणि घरी आलो, परत गेलो नाही. अक्षर वाकडं आहे पण माझं आहे. नावं कोणाची लिहीत नाही. ज्या देशात लढाई चालू आहे त्याचंही लिहीत नाही. सुनेने मना केलं आहे, तिची कारणं तिला माहीत.

पोरगा एकुलता एक, आणि डावखोरा. जेवायला उजवा हात मी मारून लावला, बाकी सगळं डाव्याने. शाळा सुटली की मागाजवळ येऊन बसायचा, पण ध्यान आभाळात. त्याच्या मामाचं गाव तलावाखाली आहे, धानाची शेती. धान लोंबीवर आलं की पोपटांचे थवे उतरतात. तेव्हा बांधावर माच बांधून पोरांना हातात गोफण देऊन बसवतात. हाही बसायचा. शेजारच्या जिल्ह्यात विमान शिकवायची जागा आहे, तिथली लहान विमानं कधीमधी त्या तलावावरून फिरत जायची. मामा मला म्हणायचा, "भाऊजी, पोपट धान खाऊन जातेत आन् तुमचा पोरगा वरतं पाहून रायते."

वर पाहत होता, तोच पुढे विमान घेऊन वर गेला. कसा शिकला, कुठेकुठे धक्के खाल्ले, ते त्याचं त्याने केलं, मी फुशारकी मारत नाही. शेवटी बाहेरदेशी विमान शिकवणारा मास्तर झाला. मी मास्तरची छडी हिसकली आणि माझा पोरगा मास्तर झाला, याचं मला अजून हसू येतं. तिथलीच बायको केली, एक मुलगी झाली, कागदानेही तिथलाच झाला. सून हिंदी बोलते, पिक्चर पाहून शिकलेली, मोडकी पण गोड. मला बाबूजी म्हणते.

मग तिथे लढाई सुरू झाली. काही महिन्यांनी त्याचा फोन आला.

"बाबा, मी नाव देलं."

"कायचं नाव?"

"लढाईत. विमान चालवाले."

"तुले कोणं बोलावलं?"

"कोणंच नाही. त्याहिले चालवणारे पायजेत, आन् मले येते."

"ते लढाई आपली होय का बे?"

मग म्हणाला, "बाबा, आता घर इथं हाय माहं. अंधार पडला का डोक्यावरून बॉम्ब उडत जातेत. तुमची नात पलंगाखाली झोपते."

"दे मंग नाव," म्हणलं मी. दुसरं काय म्हणणार होतो? त्याने विचारायला फोन केलाच नव्हता, सांगायला केला होता. माझाच आहे.

लढाऊ विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे छब्बीस जानेवारीचं जेट येतं. तसं नाही. ज्या पंख्याच्या विमानावर तो पोरांना शिकवायचा त्याच जातीचं जुनं विमान त्याला दिलं. मागच्या सीटवर बंदूकवाला. दुश्मनाची बिनमाणसाची विमानं बॉम्ब घेऊन येतात, मोपेडसारखी फटफट करत, आणि सावकाश येतात. जेट त्यांच्यापुढे भरकन निघून जातं. माझ्या पोराचं विमान त्यांच्या बरोबरीने चालतं, म्हणून त्याला बाजूला नेऊन मारता येतं.

"पोपट हाकलाचंच काम होय, बाबा," असं म्हणाला.

"पोपट फुटत नाही," म्हणलं मी.

तो हसला. मी हसलो नाही.

एकदा म्हणाला, मान सारखी मागे वळवून पाहावं लागतं, कॉलर घासून गळा सोलला, कोशाचा एक पट्टा पाठवा. मी विणला. हातभर रुंदही नाही, पण मन लावून विणला. माझ्या कापडाच्या काठाला हळदीच्या रंगाची एक बारीक रेघ असते. गल्लीत तशी दुसऱ्या कोणाची नाही. माझ्या मोठ्या भावाची लाल असते. बापाने आम्हा दोघांना वेगळी करून दिली होती, भांडू नये म्हणून. तरी भांडलोच, पण रेघेवरून नाही.

उडून खाली आला की पोरगा आईच्या फोनवर आवाज पाठवायचा. एकच शब्द. "उतरलो." सकाळी चहाच्या वक्ताला यायचा. माझी बायको तो ऐकायची, मग चहात साखर टाकायची. तोवर चहा चुलीवर नुसता उकळत राहायचा. पानठेल्यावरचा पोरगा, तोही विणकराचाच, मला पाहिलं की म्हणायचा, "काका, तुमचा पोरगा दुसऱ्याच्या देशासाठी फुकट लढून रायला म्हणे?"

"तू आपल्या देशात फुकट बसून रायला, त्याचं काय?"

असं चालायचं. आवडायचंही मला.

एका सकाळी चहा उकळत राहिला. उकळून उकळून काळा झाला, बायकोने उतरवला नाही. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो होतो. दुपारी सुनेचा फोन आला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबूजी, वो नहीं आया. प्लेन गिरा. उधर गिरा, दुश्मन की तरफ. लापता."

"गिरा, तो जला क्या?"

"हाँ. ऊपर से दूसरे पायलट ने देखा. जला."

बायकोच्या हातून फोन मी घेतला होता, तो तिला परत दिला आणि मागावर जाऊन बसलो. धोटा फेकला. बायको दारात उभी.

"आता कायले बसता?"

"सून काय म्हणली? लापता म्हणली. मेला म्हणली का?"

"जळलं म्हणली ना वो."

"विमान जळलं म्हणली."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि माग चालत राहिला.

आता भिंतीचं सांगतो. माझ्या आणि दादाच्या घरामध्ये एकच भिंत आहे. त्याचा माग तिकडून लागलेला, माझा इकडून. जन्मभर एकाचा ठोका दुसऱ्याने ऐकला. दादाला मूलबाळ नाही. माझा पोरगा अर्धा त्याच्याच घरी वाढला, मोठेबाबा मोठेबाबा करत. मागावर पहिला धागा जोडायला दादानेच शिकवलं त्याला. तर त्या दुपारी बातमी गल्लीत फिरली आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडचा माग थांबला. मधेच थांबला, ठोका अर्धा ठेवून. माझ्या हातून धोटा निसटला. सुनेच्या बोलण्याने झालं नव्हतं ते त्या थांबण्याने झालं.

मग दादा आला. डोळे सुजलेले. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"बंद कर."

"काहून?"

"जळल्या इमानातून माणूस निघते का?"

"तू पायलं का?"

"तू तरी पायलं का?"

"म्हणून तं बंद नाही करत."

त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "आयक माह्यं. पळसाची पानं आणतो. पानांचा माणूस करू, नदीवर नेऊ, अग्नी देऊ. पोराचा जीव तिकडे बर्फात भटकत नको राहू देऊ. तेवढंच आपल्या हातात हाय."

देह मिळाला नाही की आमच्यात असं करतात. पळसाच्या पानांचा पुतळा बांधून तो देह समजून जाळतात. दादा वाईट बोलत नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

"पानाचा माणूस जाळला आन् पोरगा दारात आला तं?"

"आला तं बारसं करू!" दादा ओरडला. "पाळण्यात घालू, नवीन नाव ठेवू! मी सोता पाळणा हलवीन! पण आता बंद कर!"

मी पाय दाबला. खट-खटाक. दादा निघून गेला.

त्या दिवसापासून गल्ली चिरली. भिंतीच्या इकडे माझा माग चालू, तिकडे दादाचा बंद. दादाने सुतक धरलं होतं, आणि एकाच कुळाचे आम्ही, त्याला सुतक तर मला कसं नाही? बाया आमच्या दारावरून जाताना पदर सावरून जायच्या, आत पाहायच्या नाहीत. माझ्याकडे कोणी बसायला आलं नाही. कारण बसायला यायचं ते दुःखाला, आणि माझ्या घरातून कामाचा आवाज येत होता. पानठेल्यावर गेलो तर पोरगा मुकाट्याने पान लावून द्यायचा. चिडवायचा नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी मुद्दाम म्हणलं, "काहून रे, जीभ चुन्यानं भाजली का?" त्याने चुन्याचं भांडं पुसायला घेतलं.

सुनेचा फोन अधूनमधून यायचा. तेच उत्तर. जिथे पडलं तिथे अजून लढाई चालू आहे, कोणी जाऊ शकत नाही.

एक दिवस मी धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांडीसाठी हात मागे केला तर हातात काही आलं नाही. माझ्या कांड्या बायको भरते, चरख्यावर, लग्न झालं तेव्हापासून. वळून पाहिलं तर चरखा बाजूला सारून बसलेली.

"मी नाही भरत."

"काहून?"

"एक सांगा तुमी मले. पोरगा जिता हाय असं वाटते म्हणून बसता, का हार मानाची नाही म्हणून बसता?"

मी उठलो, चरखा ओढला आणि स्वतः भरायला बसलो. कोशाचा धागा नवऱ्यामुलीसारखा असतो, ओढलं की रुसतो. तटतट तुटला. दोनदा जोडला, पुन्हा तुटला. बायको उठली.

"सरका. कोशाचा सत्यानाश करान." तिने चरखा आपल्यापुढे घेतला. चाक फिरवता फिरवता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मलेबी तुमचा माग चालू पायजे. बंद झाला का मले रडा लागन. अन् एकदा रडली का मंग तो गेलाच."

मी तिने भरलेली कांडी उचलून धोट्यात घातली.

पण मागाला आपलं एक गणित असतं, त्याला माणसाच्या हट्टाचं काही नाही. ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, संपतो. मी सावकाश विणत होतो, ठोका मोजून मापून, तरी समोरचा ताणा रोज आखडत होता. नवा ताणा लावायचा तर पांजणी करावी लागते. म्हणजे उगवतीला गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरायचा, तांदळाची खळ लावायची, कुंच्याने झाडून सारखी करायची, ऊन चढायच्या आत उरकायचं. चार-सहा माणसं लागतात. दोन्ही टोकं ताणून धरावी लागतात, एक हात ढिला पडला की सगळे धागे एकमेकांना चिकटतात. आमच्यात पांजणीला कोणी कोणाला बोलावत नाही. आदल्या दिवशी नुसतं सांगायचं, "उद्या माझी हाय," सकाळी लोक हजर.

मी सांगितलं. एका दारात, दुसऱ्या दारात, तिसऱ्या. प्रत्येकजण जमिनीकडे पाहत होता.

"काका, कोसा होय. उद्या कोणी म्हणलं का सुतकाच्या ताण्याले हात लावला..."

"कोणाच्या घरी सुतक हाय?"

"मोठे काका तं धरून बसले ना."

म्हणजे गाठ दादापाशी येऊन अडली. दादाने मानलं तर गल्लीने मानलं. आणि दादाच्या दारात जाऊन मी विनवणी करणार नव्हतो. ताणा संपला तर संपला. पण ताणा संपला की माग थांबणार होता, आणि माग थांबला की गल्ली दारात येणार होती, आणि ती एकदा दारात आली की पळसाची पानं आलीच समजा. हे मला दिसत होतं आणि मी विणत होतो.

वीतभर ताणा उरला असताना सुनेचा फोन आला. बायकोने बोलायचा भोंगा लावून माझ्यापुढे धरला.

त्यांची माणसं तिथवर पोचली होती. विमान जळून कोळसा झालेलं, ते कोणाचं हेही ओळखू येईना. त्यात कोणाचं काही उरलं नव्हतं. पण त्याच्यापासून लांब, झाडाखाली, कोणा विमानाचा बंदूकवाला सापडला, ओळख पटेना असा. मेलेला. त्याच्या मांडीला कापड बांधलेलं होतं, रक्त थांबवायला. लोकांचं म्हणणं, त्याने ते विमानातच उचलून आपलं आपणच बांधलं असेल. आता ते कापड माझ्या पोराचं आहे का, एवढं कळायला हवं. कापड त्याचं ठरलं तर विमान त्याचं, आणि विमान त्याचं तर तो त्यातच जळाला, असा त्यांचा हिशोब.

"फोटो भेजती हूँ. बाबूजी, आप देखो. ये उनका है? आप बोलेंगे तो मैं मान लूँगी."

फोटो आला. डाग पडलेलं, चिखलाने भरलेलं कापड. पण काठ दिसत होता. हळदीची रेघ.

मला एक क्षण वाटलं, नाही म्हणून टाकावं. नाही म्हटलं की विमान त्याचं नाही, तो त्यात नाही, सगळं पुन्हा लापता. सून इतक्या दूर बसलेली, तिला काय कळणार होतं? बायको माझ्या तोंडाकडे पाहत होती. पण माझं कापड माझं नाही असं मी आजवर कोणाला म्हणलो नाही. वाईट निघालं तरी म्हणलो नाही.

"हाँ," म्हणलं मी. "मेरा है. मैंने बुना."

सुनेने तिकडे फोन ठेवला की तिच्या हातून पडला, कोण जाणे. बायको जागेवरच बसली, तिच्या तोंडातून आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. मी फोन हातात धरून तसाच. डोळे फोटोवर. रेघेकडे पाहवत नव्हतं म्हणून दुसरीकडे पाहिलं, आणि तिथे गाठ होती.

कोशाचा धागा दिवसातून किती वेळा तुटतो याला हिशोब नाही. तो जोडायची आमची एक गाठ आहे. एक टोक दुमडायचं, दुसरं त्याच्या पोटातून घालून मागून फिरवायचं आणि त्याच्याच खाली दाबायचं. बोट मिटेपर्यंत होते. इतर लोक कापडाची दोन टोकं बांधतात तेव्हा एकावर एक अशी साधी गाठ मारतात. या कापडाला आमची गाठ होती. आणि ती उलटी होती. आरशात पाहावी तशी. टोक ज्या बाजूला निघायला पाहिजे त्याच्या दुसऱ्या बाजूला निघालं होतं.

मी बायकोला म्हणलं, "रडू नको. थांब." आणि चप्पल न घालता भिंतीपलीकडे गेलो.

दादा बंद मागाजवळ खाटेवर बसला होता. मला पाहून उठला नाही.

"चष्मा घाल."

"काय हाय?"

"घाल म्हणतो ना."

त्याने फोन हातात घेतला. रेघ पाहिली आणि फोन खाली ठेवायला लागला. "तुही रेघ. आता तरी मान बाप्पा..."

"रेघ नको पाहू. गाठ पाह्य."

"कायची गाठ?"

"पाह्य तं."

त्याने फोन आडवा केला तर फोटोही फिरला. उलटा केला तर तोही उलटा झाला. दादाने शिवी दिली. मी फोन त्याच्या हातात सरळ धरून ठेवला. तो वाकला, नाक काचेला लागेल इतका. मग त्याने कोपऱ्यातून सुताचा तुकडा घेतला, तोडला, आणि आपली गाठ मारली. फोटोशेजारी धरली. मग तीच सोडून डाव्या हाताने मारायला लागला. जमेना. बोटं ऐकेनात. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. ती फोटोशेजारी धरली.

"त्या बंदूकवाल्यानं बांधली असन," तो हळूच म्हणाला.

"बंदूकवाला कोष्टी होता का?"

"दुसऱ्या कोण्या सोजिरानं..."

"उलटी गाठ, दादा. तू किती मारलं त्याले त्या गाठीसाठी. बोटावर पट्टी मारायचा. त्यानं सुधरवली का?"

दादाने सुताचा तुकडा बोटाला गुंडाळला. विमान जमिनीवर पडल्यानंतर, जळत्या विमानापासून लांब, झाडाखाली, कोणीतरी आपल्या गळ्यातलं काढून दुसऱ्याच्या मांडीला बांधलं होतं. डाव्या हाताने. मेलेला माणूस गाठ मारत नाही.

"जा तू घरी," दादा म्हणाला. बस, एवढंच.

मी घरी आलो. उरलेला वीतभर विणला. धोटा शेवटचा गेला आणि त्याला जायला जागा उरली नाही. माझा माग थांबला.

काय होणार हे मला माहीत होतं. समोरचं दार वाजलं. मग त्याच्या बाजूचं. बाया उंबऱ्यावर आल्या. गल्ली अशी गप्प झाली की पानठेल्यावरचा रेडिओ त्या पोराने बंद केला तेही ऐकू आलं. समोरची म्हातारी काठी टेकत माझ्या दाराकडे निघाली, तिच्यामागे दुसऱ्या दोघी, पदर डोक्यावर घेतलेल्या. माझी बायको दारात उभी राहिली, चौकट धरून. मी खड्ड्यातून पाय वर काढले नाहीत. म्हातारी पायरीपर्यंत आली. तिने तोंड उघडलं.

भिंतीपलीकडे ठक झालं.

एकदाच. मग काही नाही. म्हातारी थांबली. मग पुन्हा, खट. किती दिवस उभा राहिलेला माग, दोऱ्या कडक झालेल्या, पाय दाबला की कुरकुरणाऱ्या. खट. खटाक. मग खट-खटाक, खट-खटाक, दादाचा ठोका, जड, थोडा लंगडा. कोणाला विचारावं लागलं नाही कोणाचा आवाज आहे म्हणून.

म्हातारीने माझ्या बायकोकडे पाहिलं. "काय वो, खबर आली का?"

"आली," बायको म्हणाली. "इमानातून उतरला तो."

दुसऱ्या दिवशी उगवतीला माझी पांजणी होती. लोक आले. मी कोणाला पुन्हा सांगायला गेलो नव्हतो. पानठेल्यावरचा पोरगा कुंचा घेऊन आला. बायकोने खळ शिजवून आणली. दुसऱ्या टोकाला दादा उभा राहिला, ताणा कमरेला लावून, आणि सगळ्या गल्लीदेखत ओरडला, "धर नीट! जन्म गेला तरी ढील देऊन रायला!"

"तू ओढ नीट!"

"काका, तुमी दोघं भांडा, खळ वाळून जाईन," पानठेल्यावरचा म्हणाला. किती दिवसांनी बोलला तो.

सुनेला गाठीचं फोनवर सांगून समजेना. मग दादाला बसवून त्याचा व्हिडिओ काढला, आधी उजव्या हाताची गाठ, मग डाव्या. दादा आरशापुढे बसल्यासारखा ताठ बसला होता. सुनेने तो व्हिडिओ तिथल्या लोकांना दाखवला. ते काय बोलले ते सगळं मला कळलं नाही. एवढं कळलं की त्यांनी त्याला गेलेला धरला नाही. दुश्मनाने पकडलेल्या लोकांमध्ये आता त्याला शोधतात. अजून पत्ता नाही. सून म्हणते टाइम लगेगा. मी म्हणतो लागू दे.

माझा माग चालू आहे. सकाळी बायको अजून चहात साखर टाकायच्या आधी फोनकडे पाहते. मी पाहत नाही, पण तिच्याकडे पाहतो.

सध्या मागावर एक पट्टा आहे, हातभरही रुंद नाही. त्याने आपला बंदूकवाल्याला दिला. गळा उघडाच असेल त्याचा. काल दादा येऊन मागाजवळ उभा राहिला. बोटाने काठ चाचपला.

"हळदीच्या बाजूनं लाल टाक एक रेघ."

"काहून? कापड माहं होय."

"गाठ माही होय," दादा म्हणाला.

मी त्याला हो म्हणलो नाही. पण आज सकाळी बायकोने लाल सुताची कांडी भरून माझ्या हाताशी ठेवली आहे, आणि मी ती उचलून बाजूला टाकलेली नाही.